दोन्ही वेळा अंदाज चुकला

प्रिय सिंधू,

तुझं नाव असं सरळ लिहिताना हात अडखळला बघ. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला नावानं हाक कधी मारली? 'अगं ए', नाहीतर 'हर्षलची आई'. आता घरात हाक मारायलाच कुणी उरलं नाही, तर निदान कागदावर तुझं नाव घेतो. आपण घरात अहिराणीत बोलायचो, पण लिहायला बसलं की हात आपोआप शाळेतल्या मराठीकडे वळतो. चालवून घे.

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. हर्षल सुनेला आणि नातीला, जियाला घेऊन वडोदऱ्याहून आला होता. गावाहून तुझा भाऊ रमेश आला. लिंबायतच्या आपल्या गल्लीतली माणसं जेवून गेली. दिवस मावळायच्या आत सगळे आपापल्या वाटेनं निघूनही गेले. दार लावून मागे वळलो, तर एवढ्या खोल्या आपल्याला होत्या का, असं वाटलं!

पण मी लिहायला बसलो तो एकटं वाटलं म्हणून नाही. एकटं तर रोजच वाटतं. जेवणं झाल्यावर रमेश सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईचं एकही बोलणं खरं निघालं नाही. मरेल म्हणाली तेव्हा बहीण जगली आणि जगेल म्हणाली तेव्हा गेली. मग पहिल्या वेळी तिला सांगून घाबरवलं तरी कशाला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हर्षलनंसुद्धा! मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. पण आलं होतं. आज सकाळी चहा करतानाही तेच डोक्यात घोळत होतं. रमेशला द्यायचं उत्तर तुला आणि मला दोघांनाच माहीत आहे. म्हणून तुला लिहितोय.

सुरुवात तुझ्या पापण्यांपासून झाली, आठवतं? तू घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायचीस. एक दिवस म्हणालीस, "अहो, एका खड्याचे दोन दिसतात." चष्मा बदलला. पुन्हा बदलला. मग डावी पापणी खाली यायला लागली. सकाळी ठीक असायची आणि दुपार कलली की पडदा सोडल्यासारखी उतरायची. तू एका बोटानं पापणी वर धरून उरलेलं काम करायचीस. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सिंधूबाई बोलता बोलता पेंगते.

हर्षलच्या लग्नातले फोटो आले तेव्हा तर कहर झाला. प्रत्येक फोटोत तू रागावलेली! व्याह्यांना वाटलं, गुजराती सून केली म्हणून सासूबाई नाराज आहेत. आणि तू तर मनापासून हसत होतीस. हसायला गेलं की तुझे ओठ वर जायचे, पण गाल साथ द्यायचे नाहीत. दात ओठ खाल्ल्यासारखं दिसायचं. त्या फोटोंवर तू किती रडलीस! सुनेजवळ बसून तिला म्हणालीस, "बेटा, हूं खुश हती." मोडक्या गुजरातीत, मी खुश होते म्हणून. ती पोर तेव्हापासून तुझी झाली.

मोठ्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. मायस्थेनिया. हात उचल म्हणून डोक्यातून निरोप निघतो, नसेतून खालपर्यंत येतो आणि स्नायूच्या दाराशी येऊन अडकतो, असं त्यांनी समजावलं. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे पोस्टमन येतो, पण घरातलं कुणी दार उघडत नाही." डॉक्टर हसले. मलाही तेव्हाच कळलं, नीट.

मग गोळीवर आपलं घड्याळ लागलं. गोळी घेतली की थोडा वेळ थांबायचं, जबड्यात जोर आला की जेवायचं. मीही तुझ्यासाठी थांबायला लागलो. ताट पुढ्यात ठेवून आपण दोघं गोळीची वाट बघत बसायचो. तू बोलायचीस, मी ऐकायचो. ऐकायचो म्हणजे तुझ्या ओठांकडे बघायचो. माझा सारा जन्म इथं गुजरातेत पॉवरलूमच्या खडखडाटात गेला, कान तिथेच राहिले. तिथं सगळं बोलणं खाणाखुणांनी चालायचं. घरी आल्यावरही मी तसाच. हूं म्हणायचं नाहीतर मान हलवायची. संध्याकाळ झाली की तुझा आवाज नाकात जायचा, बारीक व्हायचा. एकाचा आवाज जातोय आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही! देवानं जोडी तरी काय जमवली!

आता एक तक्रार करतो. त्या श्रावणात आपल्या घरी कानबाई देवी बसली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. तुला खोकला होता, अंगात ताप होता. पाणी प्यायलीस की नाकातून बाहेर यायचं. हे तू कुणाला सांगितलं नाहीस! पदरानं पुसत राहिलीस. प्रसादाचे रोट खायला बसलो तेव्हा तू तुकडा नुसता दुधात बुडवत होतीस, मी बघितलं होतं, पण मला वाटलं दात दुखत असेल. का गं लपवलंस? पाहुणे काय, परत आले असते. कानबाई काय तुला रागावली असती?

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि तुझी मान सरळ राहीना. हनुवटीखाली हात धरून बसलीस. रिक्षात मी तुझं डोकं माझ्या खांद्यावर दाबून धरलं होतं. हॉस्पिटलात त्यांनी तुला एका श्वासात आकडे मोजायला लावले. तू मोजत होतीस, मला ऐकू येत नव्हतं, म्हणून तू माझ्यासाठी एकेक बोट मिटत गेलीस. दोन्ही हातांची बोटं संपायच्या आत तू थांबलीस. त्यानंतर कुणी आपल्याशी हसून बोललं नाही. थेट आयसीयू. तोंडावर घट्ट मास्क, त्यातून हवा आत ढकलणारं यंत्र.

तिथल्या डॉक्टर किंजलबेन भेटल्या. एवढीशी मुलगी, पण डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. मला 'काका' म्हणायच्या, तुला 'मासी'. त्यांनी हर्षलला आणि मला बाजूला घेतलं. माझ्यासाठी हिंदीत, मोठ्यानं आणि सावकाश सांगितलं. छातीत न्यूमोनिया आहे. वय झालेलं. साखर आहे, हृदयही थोडं कमजोर. श्वासाचे स्नायू दमलेत, उद्यापर्यंत घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर घ्यावं लागेल असं दिसतंय. "या सगळ्या गोष्टी ज्यांच्यात एकत्र येतात, त्यांच्यातले घरी परतणारे कमी असतात, काका. हा अंदाज आहे. पुष्कळ पेशंट बघून काढलेला. मासी त्यातल्या कुठल्या बाजूला जातील, ते मी सांगू शकत नाही. पण नळी घातली की त्यांना बोलता येणार नाही. म्हणून आज त्यांनाही सांगावं असं मला वाटतं."

हर्षलचा चेहरा पांढरा पडला. "आईला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "ती खचेल. डॉक्टर, प्लीज."

किंजलबेन म्हणाल्या, "आधी तुम्ही दोघं ठरवा. पण त्यांनी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

आम्ही तुझ्याजवळ परत आलो. तू डोळे मिटून पडली होतीस. पापण्या उचलतच नव्हत्या, त्यामुळे झोपलीस की जागी आहेस ते कळायचं नाही. मी हर्षलकडे वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, "हिला सांगायचं का मग, की वाचायची आशा कमी आहे?"

हळू आवाजात! बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं! अख्खं आयसीयू वळून बघायला लागलं. पलीकडच्या खाटेजवळची नर्स हातातलं काम टाकून उभी राहिली. हर्षलनं कपाळाला हात लावला. आणि तू... तुझं अंग हलायला लागलं. मी घाबरलो, वाटलं झटका आला. तू हसत होतीस गं! मास्कच्या आत, तुझं ते रागावल्यासारखं हसणं.

मग तू बोट वर केलंस. किंजलबेनना बोलाव, अशी खूण. त्या आल्या तेव्हा मास्क थोडा उचलायला लावलास आणि म्हणालीस, "माले खरं सांगा." त्यांना अहिराणी कुठली यायची! पण काय विचारतेस ते कळलं. त्या स्टुलावर बसल्या, तुझा हात धरला आणि जे आम्हाला सांगितलं होतं तेच सगळं तुला गुजरातीत सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. हर्षल तोंड फिरवून उभा होता.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "नळी घातल्यावर मला ऐकू येईल?"

"येईल, मासी. सगळं ऐकू येईल, सगळं कळेल. तुमचं डोकं शाबूत आहे. फक्त बोलता येणार नाही."

"मग घाला नळी," तू म्हणालीस. "पण आधी यांच्याशी बोलू द्या."

हे सगळं मला हर्षलनं नंतर सांगितलं. मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तुझा आवाज म्हणजे नुसती हवा झाली होती, आणि तोंडावर मास्क, त्यामुळे ओठही दिसत नव्हते. मी वेड्यासारखा तुझ्या तोंडाजवळ कान नेत होतो आणि 'काय? काय?' करत होतो. तू दमत होतीस. किती असहाय वाटलं! तू मला शेवटचं काही सांगतेयस आणि मला ते ऐकू येत नाहीये, याहून वाईट काय असेल?

किंजलबेननी ते पाहिलं. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, दोन्ही टोकं माझ्या कानांत घातली आणि दुसरं टोक तुझ्या ओठांजवळ धरलं. मास्क थोडा वेळ काढून. आणि सिंधू, तुझा आवाज! थेट माझ्या डोक्यात! लग्न झालं तेव्हा होता तसा नसेल, पण स्वच्छ, जवळचा. कानाला लावायचं यंत्र हर्षलनं आणून दिलेलं कपाटात पडलेलं होतं, ते मी कधी नीट वापरलं नाही. मला वाटायचं, ऐकण्यासारखं काय असतं?

पहिला प्रश्न काय विचारलास? "जेवनात का?" त्या अवस्थेत! मी मान हलवली. खोटंच.

मग सांगितलंस की माझं डोकं शाबूत आहे तोवर मला ओढा, जे करायचं ते करा, मी तयार आहे. पण डोकं गेलं तर सोडून द्या, उगाच यंत्रावर ठेवू नका. हर्षल ऐकणार नाही, रमेश रडेल, पण तुम्ही ठाम राहा. मी हो म्हणालो. तू मध्ये थांबायचीस, मास्क लावायचीस, दम घ्यायचीस, पुन्हा काढायला लावायचीस. किंजलबेन ते टोक धरून उभ्या होत्या. तोंड दुसरीकडे करून.

आणि मग तू ते म्हणालीस. "तुम्ही माझ्याशी कधी बोललाच नाहीत. कारखान्यातून यायचे, जेवायचे, झोपायचे. किती वर्षं मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही."

आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. कानात ती नळी, समोर तुझी मिटलेली पापणी. मी ओरडलो, "आवडतेस! आवडतेस ना! काय बोलतेस हे!"

पुन्हा अख्खं आयसीयू! तो पलीकडचा म्हातारा पेशंटही मान उचलून बघायला लागला. नर्सनं तोंडावर हात धरला. हर्षल, एवढा मोठा बाप्या, भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. आणि तू हसलीस. मग म्हणालीस, "आता नळी असेल तेव्हा मला बोलता येणार नाही. तुम्ही रोज येऊन बोलायचं. मी ऐकणार."

दुसऱ्या दिवशी नळी घातली.

बोलायचं तरी काय, मला कळेना. पहिल्या दिवशी मी तुझ्या खाटेशी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी आलो." पुढे काहीच सुचेना. मग सांगितलं की शेजारच्या आशाच्या बकरीनं आपली तुळस खाल्ली. दुसऱ्या दिवशी सांगितलं की मी खिचडी केली आणि ती भांड्याला चिकटली. हळूहळू जमायला लागलं. सकाळी आयसीयूत आत सोडायची वेळ झाली की दारात पहिला मी. येताना रस्त्यानं जे दिसेल ते लक्षात ठेवायचो, तुला सांगायला. कोणाची साड्यांची गाठोडी टेम्पोतून पडली, कोण कोणाशी भांडलं. एवढं जग मी आधी कधी बघितलं नव्हतं! ते संपलं की जुनं काढायचो. तुला बघायला शिंदखेड्याकडे तुमच्या गावी आलो तेव्हा चप्पल कशी तुटली होती आणि मी अनवाणी तुमच्या ओट्यावर कसा बसलो होतो, ते मी तुला त्या यंत्राच्या आवाजात पहिल्यांदा सांगितलं. आणि सगळं अहिराणीत, सगळं मोठ्यानं! एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, कोनतं गाव तुमनं?" धुळ्याकडचा माणूस निघाला, आईला घेऊन आलेला. म्हणाला, तुमचं बोलणं ऐकायला बरं वाटतं, घरी असल्यासारखं.

तू बोट दाबायचीस. पुढे सांगा, असं. तेवढं बोट हलायचं.

दिवस गेले, नळी निघेना. गळ्याला भोक पाडून तिथून श्वास द्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. रमेश धावत आला. "बस झालं आता, तिचे हाल करू नका, गावाला घेऊन जाऊ, आपल्या मातीत डोळे मिटू दे," म्हणायला लागला. चुकीचं नव्हतं त्याचं, त्याला बघवत नव्हतं. हर्षलला काही ठरवता येईना. दोघं माझ्याकडे बघत होते. मी आत आलो, तुला विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे का?" तू बोट दाबलंस. जोरात! मग मी बाहेर जाऊन सांगितलं, "भोक पाडा."

तू मला सांगून ठेवलं नसतंस तर माझी हिंमत झाली असती? कशाच्या जोरावर उभा राहिलो असतो मी त्या दोघांसमोर?

आणि तू उठलीस! ज्या बाजूला कमी माणसं जातात त्या बाजूला गेलीस. आधी यंत्र थोडा वेळ बंद, मग जास्त वेळ, मग वॉर्डात, मग घरी. गळ्याशी पदर घट्ट गुंडाळून गल्लीत आलीस तेव्हा बायकांनी ओवाळलं. हॉस्पिटलातून निघताना किंजलबेननी तुझा गालगुच्चा घेतला होता, लहान मुलीसारखा. म्हणाल्या, "मासी, तमे मने खोटी पाडी." म्हणजे तुम्ही मला खोटं पाडलंत! किती आनंद होता त्या पोरीला खोटं पडल्याचा.

त्यानंतरचा काळ आपल्याला मिळाला. आखाजीच्या सणाला तू माहेरी गेलीस, झोक्यावर बसलीस. गाणं म्हणता येईना, मग नुसती गुणगुणलीस आणि बाकीच्या बायका शब्द म्हणाल्या. रमेशनंच झोका हलवला होता. त्याला आठवत नाही का ते? आणि घरी, सिंधू, घरी मी बोलायचो! गोळी घेऊन तू बसायचीस आणि मी कानात ते यंत्र घालून तासतास बडबड करायचो. तू म्हणायचीस, "आता जरा गप्प बसा, डोकं दुखलं माझं." किती सुखाची तक्रार होती ती.

मग पुन्हा आवाज नाकात जायला लागला. या वेळी तू लपवलं नाहीस, लगेच सांगितलंस. आपण लवकर गेलो. ताप नव्हता, न्यूमोनिया नव्हता. किंजलबेननी तपासलं, आकडे मोजून घेतले, आणि हसत म्हणाल्या, "काका, या वेळी बरं दिसतंय. वेळेवर आलात. धोका कमी आहे." साधं सलाईन लागलं. मास्कही नाही. आपण दोघं निर्धास्त! हर्षलला म्हटलं, येऊ नकोस, रविवारी ये. तुझ्याशी शेवटचं बोलणं काय झालं माझं? तू म्हणालीस, डब्यात वरण पातळ आण, काल घट्ट होतं. मी म्हणालो, बरं.

सकाळी डबा घेऊन मी जिन्यात होतो. पातळ वरणाचा डबा. वर पोचलो तर तुझ्या खाटेभोवती पडदा. पायातून रक्ताची गाठ सुटली आणि फुफ्फुसात जाऊन अडकली, असं नंतर सांगितलं. पापण्यांचा, श्वासाच्या स्नायूंचा त्याच्याशी थेट काही संबंध नव्हता. त्यांनी पुष्कळ केलं. पडद्याच्या बाहेरून मला फक्त खालून पाय दिसत होते, धावपळीचे.

किंजलबेन बाहेर आल्या. एवढंच म्हणाल्या, "काका, मने आवुं लाग्युं नहोतुं." मला असं वाटलं नव्हतं. आणि रडायला लागल्या. मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा रडू आलं नाही. घरी येऊन, डबा धुताना आलं.

तर रमेशचा प्रश्न असा आहे, की सगळं उलटंच व्हायचं होतं तर पहिल्या वेळी सांगितलं कशाला? सिंधू, दुसऱ्या वेळी कुणी आपल्याला घाबरवलं नाही, म्हणून आपण वरणाबद्दल बोललो. मला त्याचं वाईट वाटत नाही. कारण जे बोलायचं होतं ते आधीच बोलून झालं होतं. त्या मुलीनं स्टुलावर बसून तुला खरं सांगितलं नसतं, तर तू मला ते विचारलं नसतंस, आणि मी ते ओरडलो नसतो. तू जाईपर्यंत तुला वाटत राहिलं असतं की या माणसाला मी आवडत नाही. अंदाज चुकला. पण त्या चुकलेल्या अंदाजानं मला माझी बायको दिली. हे रमेशला फोनवर कसं सांगायचं? पण सांगेन. अहिराणीतच सांगेन, म्हणजे त्याला कळेल.

मात्र तुझ्यावर माझा एक राग आहे. मी गप्प माणूस होतो, मला गप्प राहायची सवय होती. तू मला बोलायला लावलंस आणि निघून गेलीस! आता या बोलण्याचं मी काय करू? जियाला फोनवर सांगायला जातो, तर ती आजोबाला "दादा, गुजरातीमां बोलो ने" म्हणते. हर्षल कामात असतो. बकरीनं आता नवीन तुळसही खाल्ली, ते ऐकायला कुणी नाही. कधी कधी भाजीवाला गेला की उगाच त्याला परत हाक मारतो.

आज दुपारी, हे पत्र अर्ध्यावर असताना, एक फोन आला. किंजलबेननी तुझ्यासारख्या पेशंटच्या घरच्यांना माझा नंबर देऊ का म्हणून मागेच विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. बमरोली भागातून एक मुलगा बोलत होता, ज्ञानेश्वर. हिंगोलीकडचा, लूमवरच आहे. त्याच्या बायकोला तुझाच आजार, तिला मास्क लावलाय. मग म्हणाला, "काका, मॅडम म्हणल्या, उद्या नळी घालावी लागंल, आज बोलून घ्या. मी तिच्यापाशी तासभर बसून आलो. पण काय बोलायचं असतंय, काका?"

उद्या सकाळी आत सोडायच्या वेळेला येतो, एवढंच म्हणालो.

तुला वचन देतो, मी जाणार. तिचं काय होईल ते मी त्याला सांगणार नाही, ते मला ठाऊक नाही आणि मॅडमनाही नक्की ठाऊक नाही. आपलं दोघांचं बोलणंही सांगणार नाही, ते आपलं आहे. फक्त त्याला तिच्या खाटेशी बसवेन, तिचा हात त्याच्या हातात देईन आणि तो बोलायला लागेपर्यंत शेजारी उभा राहीन. तो बोलायला लागला की हळूच बाहेर येईन.

मग हॉस्पिटलातून घरी येईन. काय झालं ते कुणाला सांगायचं, एवढं मात्र तू सांगून गेली नाहीस.

तुझा,
भास्कर